फ्लू माणसांकडे येतो कुठून? रॉबर्ट वेबस्टर यांनी पाणपक्ष्यांत शोधलेलं उत्तर

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत, टेक्सासमधल्या गोठ्यांतून एक विचित्र तक्रार येऊ लागली. गायींनी चारा कमी केला होता, दूध एकदम आटलं होतं, आणि जे येत होतं ते चिकासारखं दाट आणि पिवळसर होतं. गोठ्याच्या आसपास राहणाऱ्या मांजरांनी ते कच्चं दूध प्यायलं आणि त्यांतली बरीच मेली. मार्चमध्ये तपासणीचा निकाल आला तो बर्ड फ्लूचा: एच५एन१. हा विषाणू दुभत्या गायींच्या कासेत वाढू शकेल, असं तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

तरीही त्याची ओळख पटायला आणि त्याची वंशावळ सांगायला शास्त्रज्ञांना फार वेळ लागला नाही. तो जंगली पक्ष्यांतून आला, त्याचे कुठले भाग कुठल्या खंडातल्या विषाणूंशी जुळतात, हे सगळं बारकाईनं मांडता आलं. हे शक्य झालं, कारण गेली पन्नासेक वर्षं काही माणसं तळी, खाड्या आणि समुद्रकिनारे धुंडाळून पक्ष्यांमधले विषाणू गोळा करत होती. त्यांतलं सगळ्यात मोठं नाव विषाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट वेबस्टर यांचं. फ्लूच्या बातम्या वाचून गोंधळ उडत असेल, तर त्यांच्या कामाचा माग काढत जाणं हा मला सगळ्यात सरळ रस्ता वाटतो.

आधी विषाणूची ओळख

फ्लूच्या विषाणूंचे चार गट आहेत: ए, बी, सी आणि डी. जगभर पसरणाऱ्या महासाथी आणतो तो ए, म्हणून या लेखात फक्त त्याच्याबद्दल बोलू.

या विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे दोन प्रकारचे काटे असतात. पहिलं प्रथिन हिमॅग्लुटिनिन, थोडक्यात एच. ते आपल्या पेशींवरच्या साखरेच्या एका रेणूला चिकटतं आणि विषाणूला आत घुसू देतं. दुसरं न्यूरामिनिडेज, थोडक्यात एन. पेशीत नवे विषाणू तयार झाले की ते पेशीला चिकटून अडकून पडतात. त्यांना सोडवण्याचं काम एनचं. पाणपक्ष्यांत एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार फार पूर्वीपासून नोंदले गेले आहेत. एच५एन१ किंवा एच३एन२ ही नावं या आकड्यांवरून येतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या विषाणूची जनुकं एका सलग धाग्यात नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू एकाच वेळी शिरले, तर तुकड्यांची सरमिसळ होते. लाल पाठीचा आणि निळ्या पाठीचा असे पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसून वाटले, तर हातात दोन्ही रंगांची पानं येतात, तसं. बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूत काही तुकडे एकाचे, काही दुसऱ्याचे. त्यात एचचा तुकडा जर असा असेल की जो माणसांनी कधी पाहिलेलाच नाही, तर कुणाच्याच शरीरात त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती तयार नसते. महासाथ सुरू होते ती इथून.

दरवर्षी लस बदलावी लागते त्याचं कारण मात्र वेगळं. तिथे सरमिसळ नसते. विषाणूची नक्कल होताना बारीक चुका साठत जातात आणि एच थोडा थोडा बदलत राहतो. १९५७ आणि १९६८ मधल्या फ्लूच्या महासाथींत जे झालं ते या हळूहळू बदलण्यानं समजावता येत नव्हतं. दोन्ही वेळा विषाणूचा चेहरामोहरा एकदम पालटला होता. हा नवा भाग आला कुठून, हा वेबस्टर यांचा आयुष्यभराचा प्रश्न.

किनाऱ्यावरचे मेलेले पक्षी

वेबस्टर यांचा जन्म १९३२ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या बाल्क्लूथा गावातला. ओटागो विद्यापीठात शिकून ते पीएचडीसाठी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले. तिथे त्यांची गाठ ग्रॅएम लेव्हर या जैवरसायनशास्त्रज्ञाशी पडली आणि त्यांची जोडी जमली ती कायमचीच.

१९६० च्या दशकात हे दोघं न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूवर ठिकठिकाणी मटनबर्ड मेलेले दिसले. लांब समुद्रप्रवास करणारे हे पक्षी थकून मरतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण या दोघांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टर्न, म्हणजे सुरय पक्षी मोठ्या संख्येनं मेले होते आणि त्यांच्यात फ्लूचा विषाणू सापडला होता. मग हेही फ्लूनंच मेले असतील का?

मटनबर्ड फ्लूनं मेले होते असं काही सिद्ध झालं नाही. पण प्रश्न पक्का डोक्यात बसला. पुढे दोघांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या प्रवाळ बेटांवर मोहिमा काढल्या, हातांनी पक्षी पकडले, त्यांच्या रक्ताचे आणि घशातल्या स्रावाचे नमुने घेतले. रक्तात आधी प्रतिपिंडं सापडली, म्हणजे विषाणू येऊन गेल्याच्या खुणा. ज्या एनविरुद्ध ही प्रतिपिंडं होती, तो १९५७ च्या मानवी महासाथीतल्या एनच्या जातकुळीतला होता. पुढे एका मटनबर्डमधून प्रत्यक्ष विषाणूही हाती लागला. निर्जन बेटावरचा समुद्री पक्षी आणि शहरातला तापानं फणफणलेला माणूस, दोघांचा संबंध एकाच विषाणू-घराण्याशी होता.

त्याआधी, १९६७ मध्येच, वेबस्टर आणि युरोपातल्या सहकाऱ्यांनी मानवी आणि पक्ष्यांच्या फ्लू विषाणूंमधलं साम्य दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. १९६८ मध्ये ते अमेरिकेत मेम्फिस इथल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधन विभागात दाखल झाले. त्याच वर्षी हाँगकाँग फ्लूची महासाथ आली. काही वर्षांत वेबस्टर आणि लेव्हर यांनी दाखवून दिलं की त्या विषाणूच्या एच३ चं युक्रेनमधल्या बदकात सापडलेल्या एका विषाणूच्या एचशी जवळचं नातं आहे. आज जनुकं वाचता येतात, त्यामुळे हिशोब नेमका सांगता येतो: १९६८ च्या विषाणूत आठपैकी दोन तुकडे पक्ष्यांकडचे होते, १९५७ च्या विषाणूत तीन.

ही सरमिसळ खरोखर जिवंत प्राण्यात होते का? यावर नुसता तर्क लढवण्याऐवजी त्यांनी १९७० च्या सुमारास डुकरांना आणि टर्कींना एकाच वेळी दोन वेगवेगळ्या फ्लू विषाणूंची लागण करून पाहिली. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लम आयलंड या बेटावरच्या बंदिस्त प्रयोगशाळेचा त्यासाठी उपयोग झाला. प्राण्यांमधून बाहेर आलेल्या विषाणूंत दोन्हींचे भाग मिसळलेले सापडले.

स्वॅबपासून विषाणूपर्यंत

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

पक्षी हातात धरून, कापसाचा बोळा लावलेली काडी त्याच्या गुदद्वारात फिरवायची, किंवा जमिनीवरची ताजी विष्ठा उचलायची. ती काडी द्रव भरलेल्या छोट्या कुपीत मोडून टाकायची आणि कुपी थंड ठेवायची. प्रयोगशाळेत त्यातला थेंबभर द्रव दहा-अकरा दिवसांच्या कोंबडीच्या फलित अंड्यात टोचायचा. अंडं दोनेक दिवस उबवायचं, मग थंड करून कवचाचा वरचा भाग कापायचा आणि गर्भाभोवतीचं पाणी काढून घ्यायचं.

आता त्यात विषाणू वाढलाय की नाही हे बघायला खोलगट वाट्यांची एक प्लास्टिकची ताटली घेतात. प्रत्येक वाटीत ते पाणी आणि कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी. अर्धा-पाऊण तास थांबायचं. विषाणू नसेल तर पेशी घसरत तळाशी जमतात आणि मधोमध एक घट्ट लाल ठिपका दिसतो. विषाणू असेल तर त्याचे एच काटे एकाच वेळी अनेक पेशींना चिकटतात, पेशी एकमेकींत गुंततात आणि वाटीभर फिकट लाल जाळी पसरून राहते. ठिपका म्हणजे नाही, जाळी म्हणजे आहे. मग एकेका प्रकारच्या एचविरुद्धचं सेरम, म्हणजे प्रतिपिंडं असलेलं रक्तजल, घालून बघायचं. ज्या सेरममुळे जाळी थांबते, तो त्या एचचा प्रकार.

एवढ्या साध्या साधनांवर हजारो नमुने तपासले गेले. त्यासाठी सगळ्या प्रकारांविरुद्धची सेरा जपून ठेवावी लागतात, ती एका दिवसात जमत नाहीत. मेम्फिसमध्ये वेबस्टर यांनी ती जमवली, विषाणूंचा मोठा संग्रह उभा केला, आणि तिथे प्राणी-पक्ष्यांच्या फ्लूसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र सुरू झालं.

बदकं आजारी का पडत नाहीत?

माणसात फ्लू हा श्वासाचा आजार. त्यामुळे पक्ष्यांतही तो घशातच शोधायचा, अशी समजूत होती. १९७८ मध्ये वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बदकांत हा विषाणू मुख्यतः आतड्यात वाढतो, विष्ठेतून प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो आणि थंड पाण्यात महिनाभर जिवंत राहू शकतो. बदक मात्र ठणठणीत असतं.

माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत उलगडा करणारा शोध आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात उन्हाळ्याच्या अखेरीस हजारो बदकं दक्षिणेकडे निघण्यापूर्वी तळ्यांवर जमतात. त्यांत त्याच वर्षी जन्मलेली, विषाणूशी पहिलीच गाठ पडणारी पिल्लं असतात. १९७६ पासून तिथे दरवर्षी नमुने घेतले गेले, आणि पिल्लांमध्ये लागण झालेल्यांचं प्रमाण खूप मोठं आढळलं. ती सगळी एकाच तळ्यातलं पाणी पितात, त्यातच विष्ठा टाकतात आणि मग शेकडो मैल उडून जातात. १९८५ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर खाडीतही असंच काम सुरू झालं. तिथे वसंतात घोड्याच्या नालाच्या आकाराच्या खेकड्यांची अंडी खायला किनारपक्ष्यांचे थवे उतरतात.

या नोंदींतून वेबस्टर यांनी मांडलं ते असं: फ्लूचं मूळ घर रानटी पाणपक्षी. तिथे विषाणू आणि पक्षी यांचा फार जुना समझोता आहे. डुकरं, घोडे, सील, कोंबड्या आणि माणसं ही त्यानं नंतर गाठलेली ठिकाणं.

मग कोंबड्या का मरतात?

१९८३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कोंबड्यांना सौम्य एच५एन२ फ्लू झाला. ऑक्टोबरमध्ये तोच विषाणू अचानक कोंबड्या मारू लागला. साथ आवरण्यासाठी तिथे आणि शेजारच्या भागांत मिळून १ कोटी ७० लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले.

जपानमधून नुकतेच वेबस्टर यांच्याकडे आलेले योशिहिरो कावाओका आणि इतर सहकारी यांनी दोन्ही विषाणू शेजारी ठेवून तपासले. फरक अगदी थोडा होता. एच प्रथिन कामाला लागण्याआधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात, आणि ते कापतात यजमानाच्या, म्हणजे लागण झालेल्या प्राण्याच्या, शरीरातली विकरं (एन्झाइम). सौम्य विषाणूचा एच कापणारी विकरं फक्त आतड्यात आणि श्वासमार्गात असतात, त्यामुळे आजार तिथेच राहतो. पेनसिल्व्हेनियातल्या विषाणूत कापायच्या जागेवर आच्छादन घालणारी एक साखर नाहीशी झाली, जागा उघडी पडली आणि एच शरीरभर कुठेही कापला जाऊ लागला. मग मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या सगळीकडे लागण होते. इतर घातक एच५ आणि एच७ विषाणूंत सहसा त्या जागी काही जादा अमिनो आम्लं घुसलेली असतात, परिणाम तोच.

म्हणून एच५ किंवा एच७ चा सौम्य विषाणू सापडला तरी सरकारी यंत्रणा कळप मारण्याचा निर्णय घेऊ शकतात. शेतकऱ्याला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं दुःख खरं आहे. पण सहा महिन्यांत काय होऊ शकतं हे तेव्हा दिसलं होतं.

हाँगकाँग, १९९७

मे १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये तीन वर्षांचा एक मुलगा फ्लूनं गेला. त्याच्याकडून मिळालेला विषाणू माणसांच्या नेहमीच्या कुठल्याच प्रकाराशी जुळेना. नमुने परदेशी प्रयोगशाळांकडे गेले, आणि पक्ष्यांच्या विषाणूंविरुद्धची सेरा वापरल्यावर ऑगस्टमध्ये उत्तर मिळालं: एच५एन१. पक्ष्यांचा विषाणू, मध्ये कुणाशी सरमिसळ न करता, थेट माणसाचा जीव घेऊ शकत नाही, असं तोवर जवळजवळ सगळे मानत होते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणखी रुग्ण आले. एकूण १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. हाँगकाँग विद्यापीठातले केनेडी शॉर्टरिज १९७० च्या दशकापासून तिथल्या बाजारांतल्या कोंबड्या-बदकांचे नमुने घेत आले होते. वेबस्टर सहकाऱ्यांसह त्यांच्या मदतीला पोहोचले. जिवंत पक्ष्यांच्या बाजारात पाचातल्या एका कोंबडीत एच५एन१ निघाला. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत शहरातले सुमारे १५ लाख पक्षी मारले गेले, आणि रुग्ण येणं थांबलं.

पुढच्या तपासात कळलं की या विषाणूचा एच १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमधल्या हंसांत सापडलेल्या विषाणूशी जुळतो, आणि आतली जनुकं लावी पक्ष्यांमधल्या एका वेगळ्या विषाणूशी. बदक, हंस, लावी आणि कोंबड्या एकमेकांशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवले की सरमिसळीला संधी मिळते. म्हणून हाँगकाँगनं बदक-हंस कोंबड्यांपासून वेगळे केले आणि नंतर बाजारांना विश्रांतीचे दिवस ठरवून दिले. जिवंत पक्ष्यांचे बाजार बंद व्हावेत, हे वेबस्टर पुढे आग्रहानं सांगत राहिले.

ग्वांगडोंगमधला मूळ वंश मात्र संपला नाही. २००५ मध्ये त्यानं चीनच्या छिंगहाय सरोवरावर रानटी पक्षी मारले, २००६ च्या फेब्रुवारीत तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये पोहोचला, आणि २०२४ मध्ये टेक्सासच्या गायींत निघाला तो त्याचाच वंशज.

'इतकी वर्षं लांडगा आला रे चाललंय, साथ कुठे आहे?'

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला अर्धवट उत्तर देऊन चालणार नाही. २००३ पासून जगभरात ९५० हून अधिक माणसांना एच५एन१ झाल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. सौम्य रुग्ण नोंदवलेच जात नसणार, त्यामुळे खरं प्रमाण कमी असेल. पण माणसाकडून माणसाकडे त्याची साखळी लागलेली नाही.

कारण त्या साखरेच्या रेणूत आहे. पक्ष्यांच्या आतड्यातल्या पेशींवर ती साखर एका पद्धतीनं जोडलेली असते, माणसाच्या नाक-घशात दुसऱ्या पद्धतीनं. पक्ष्यांच्या विषाणूचा एच पहिल्या जोडणीला घट्ट धरतो. माणसात ती पहिली जोडणी फुप्फुसात खोलवर आणि डोळ्यांत आढळते. म्हणूनच लागण झाली तर न्यूमोनिया गंभीर होऊ शकतो, पण खोकल्या-शिंकेतून विषाणू सहज पसरत नाही. अमेरिकेत २०२४-२५ मध्ये लागण झालेल्या सत्तरेक जणांपैकी, बहुतांशी गोठे आणि कोंबड्यांवर काम करणाऱ्यांपैकी, बऱ्याच जणांचे फक्त डोळे लाल झाले, तेही याच कारणानं.

२००९ ची महासाथ एच५एन१ ची नव्हतीच, हेही खरं. ती डुकरांमधून आलेल्या एच१एन१ ची होती, मेक्सिकोत सुरू झालेली, आणि तिची जागा किंवा वेळ आधी कुणी सांगितली नव्हती. या शास्त्रात भाकीत करण्याची ताकद अजून नाही. पण त्या विषाणूत पक्षी, डुक्कर आणि माणूस तिघांकडचे तुकडे मिसळलेले होते, आणि ते काही दिवसांत ओळखता आलं.

'मग रानपक्षीच मारून टाका'

होणार नाही आणि उपयोगही नाही. हे पक्षी खंड ओलांडून उडतात. हुसकावले तर विषाणू घेऊन आणखी लांब पांगतात. शिवाय सौम्य विषाणू घातक होतो तो सहसा दाटीवाटीनं ठेवलेल्या कोंबड्यांत. रानपक्षी आणि पाळीव पक्षी यांच्यात अंतर राखणं, पिण्याचं पाणी झाकणं, आणि पक्ष्यांची वाहतूक तपासणं याचा फायदा जास्त. ७० अंश सेल्सियसला पूर्ण शिजलेल्या मांसात किंवा पाश्चराइज केलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही, त्यामुळे भीती कच्च्याची आहे.

'प्रयोगशाळेत असले विषाणू बनवणंच धोक्याचं नाही का?'

आहे. २०११ मध्ये कावाओका आणि नेदरलंड्समधले रॉन फूशिये यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की थोड्याशा बदलांनी एच५ चा विषाणू फेरेट या छोट्या, माणसासारखाच फ्लू होणाऱ्या प्राण्यांत हवेतून पसरू शकतो. त्यावर मोठा वाद झाला, संशोधकांनी काही काळ स्वतःहून असे प्रयोग थांबवले, आणि अमेरिकी सरकारनं २०१४ ते २०१७ अशा कामाचा निधी रोखून ठेवला. मला हा निर्णय योग्य वाटतो. त्या प्रयोगांतून कुठल्या बदलांवर लक्ष ठेवायचं ते कळलं. पण लक्ष ठेवण्यासाठी रानातून नमुनेच येत नसतील, तर ती यादी वापरायची कशावर?

या सगळ्यातून हातात काय आलं?

वेबस्टर आणि लेव्हर यांनी १९६० च्या दशकातच डिटर्जंटनं विषाणू फोडून त्यातले एच आणि एन वेगळे काढून लसीसाठी वापरता येतात हे दाखवलं. अख्ख्या विषाणूच्या लशीपेक्षा अशा लशीचा त्रास कमी होतो.

औषधाची कहाणी अधिक लांबची. लेव्हर यांनी एनचे स्फटिक बनवले, आणि त्यांवरून पीटर कोलमन यांच्या गटानं १९८३ मध्ये एनची रचना उलगडली. पुढे उत्तम स्फटिक मिळाले ते ग्रेट बॅरियर रीफवरच्या नॉडी जातीच्या एका सुरय पक्ष्यातल्या विषाणूच्या एन९ पासून. एनच्या मधला खळगा कसा आहे हे कळल्यावर तो बंद करणारे रेणू आखता आले. झानामिव्हिर आणि ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमीफ्लू, ही औषधं १९९९ मध्ये वापरात आली.

एच५एन१ ची लस बनवण्यात अडचण वेगळीच होती. लशीसाठी विषाणू अंड्यांत वाढवायचा, तर हा गर्भालाच मारून टाकतो. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये नवे रुग्ण आल्यावर सेंट ज्यूडमध्ये वेबस्टर यांच्या गटानं जनुकांचे तुकडे स्वतः जुळवून लशीचा विषाणू तयार केला: एच आणि एन एच५एन१ चे, उरलेले सहा तुकडे अंड्यांत चांगल्या वाढणाऱ्या निरुपद्रवी विषाणूचे, आणि एचच्या कापायच्या जागेवरचा जादा भाग काढून टाकलेला. आज एच५ च्या लशींसाठी असे मूळ विषाणू आधीच तयार करून ठेवतात. रानात नवा वंश दिसला की यादीत नवा विषाणू घातला जातो. त्यासाठी तो नवा वंश वेळेवर दिसावा लागतो, म्हणजे कुणीतरी तळ्याकाठी जाऊन काडीवर विष्ठा उचलावी लागते, आणि ज्या वर्षी काहीच सापडत नाही त्या वर्षीही त्या कामाला पैसे मिळावे लागतात.